अनुभव धागा : जुन्या सुपरहिरो कॉमिक्सची कलेक्टर्स एडिशन

गेले काही महिने माझ्या टेबलावर एक जाडजूड खंड आहे, स्पायडरमॅनच्या अगदी सुरुवातीच्या अंकांचा, आणि मी तो रोज थोडा थोडा वाचतोय. ऑगस्ट १९६२ चा 'अमेझिंग फँटसी'चा १५ वा अंक, ज्यात हा पोरगा पहिल्यांदा आला, ती गोष्ट फक्त ११ पानांची. स्टॅन लीचे शब्द, स्टीव्ह डिटकोची चित्रं. आजवर कितीदा वाचली त्याचा हिशोब नाही, पण नीट बघितली ती आत्ताच, कारण या आवृत्तीत जुन्या छापील अंकाचीच पानं स्कॅन करून मोठ्या आकारात छापलीत, कागदाचा पिवळटपणा, रंगाचे ठिपके सगळं होतं तसं. आधी माझ्याकडे हेच चकचकीत कागदावर होतं, रंग नव्याने भरलेले. शेवटच्या चौकटीत पीटर, म्हणजे आपला स्पायडरमॅनच, एकटा अंधारात चालत जातो ना, तो अंधार त्यात गुळगुळीत होऊन गेला होता, इथे तो ठिपक्याठिपक्यांनी दाटत जातो. मला तर वाटतं जुनं कॉमिक जपायचं म्हणजे हे ठिपकेही जपायला हवेत.

तुम्ही कुठल्या हिरोचा खंड घेतला, वाचता की कपाटात ठेवता, काही फसगत झाली असेल तर तीही लिहा. लांबलं तरी चालेल.

*

ऑफसेट छपाईत बरीच वर्षं काढलीत म्हणून रंगाबद्दल सांगतो. त्या काळच्या कॉमिक्समध्ये पिवळी, मॅजेंटा आणि सायन अशा तीन शाया, प्रत्येकीच्या २५ टक्के, ५० टक्के आणि भरीव अशा तीनच छटा, आणि जिथे शाई नाही तो कोरा कागद. म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ रंग, आणि वर काळी रेष. एवढ्यावर सगळं विश्व उभं केलं या लोकांनी! आणि हे न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर जाणार, कागद शाई पिणार, रंग खाली बसणार हे ठाऊक असायचं म्हणून रंग मुळातच भडक दिलेले असायचे. आता तेच आकडे घेऊन पांढऱ्याशुभ्र आर्ट पेपरवर छापलं की डोळ्यांवर येणारच ना. त्यामुळे खंड घेताना मी आधी कागदावर बोट फिरवून बघतो, मॅट आणि जरा खरखरीत असेल तर पुढचं बघायचं. माझ्याकडच्या सुपरमॅनच्या खंडात एका पानावर लाल रंग रेषेच्या बाहेर केसभर सरकलाय, रजिस्टर हललेलं, म्हणजे छापताना रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत. ते त्यांनी दुरुस्त केलं नाही याचा मला फार आनंद झाला, ते पान बघताना मशीनचा आवाज येतो मला.

*

हल्क हिरवाच, असं मी पण धरून चालले होते. पण मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा आहे. छपाईत करडा रंग धड येईना, एका पानावर फिका तर दुसऱ्यावर काळपट, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. पुढे बरीच वर्षं पहिला अंक पुन्हा छापताना त्यालाही हिरवाच रंग द्यायचे आणि माझ्याकडची जुनी प्रत नेमकी तशी. त्यामुळे नव्या संग्रहात करडा दिसल्यावर छपाई बिघडलीय असं वाटून मी खंड परत पाठवायला पुन्हा खोक्यात भरलासुद्धा होता. भावाने सांगितलं की अगं हाच खरा. मग बसून दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून पान पान लावून बघितलं. करडा हल्क जास्त भीतिदायक आहे, रात्रीचाच एक तुकडा उठून आल्यासारखा, आणि त्यातली भुताखेताच्या गोष्टीची चव मला पहिल्यांदा तेव्हा कळली.

*

बांधणी बघा हो, बांधणी! माझा पहिला ऑम्निबस, म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेला खंड, हजारेक पानांचा, आणि डबल पानावरच्या मोठ्या चित्रात मधली व्यक्ती चक्क दोन पानांच्या सांध्यात गडप. डिंकाने चिकटवलेला कणा होता, जोर लावून उघडला तर पानं सुटायला लागली. दुसऱ्यांदा मागवला तेव्हा कोपरा चेपून आला, बदलून मिळायला दीड महिना गेला. तेव्हापासून शिलाई केलेला, टेबलावर सपाट उघडा राहणारा खंडच घेतो. एवढं वजन हातात धरून वाचता येत नाही, मी खाली उशी ठेवतो.

*

मी अख्ख्या खंडापेक्षा एकेका अंकाच्या फॅक्सिमिली, म्हणजे मूळ अंकासारख्या हुबेहूब छापलेल्या, आवृत्त्या जमवते. त्यात जाहिराती आणि वाचकांची पत्रं पण असतात, जी संग्रहात बहुतेक वेळा गाळतात. ती पत्रं वाचायला फार आवडतात मला, एखादा अमुक पानावर चूक झालीय म्हणून भांडत असतो, एखादा नुसता खुश असतो.

*

मुलगी नऊ वर्षांची, तिच्याबरोबर सुपरमॅन आणि बॅटमॅनचे जुने अंक क्रमाने वाचतोय. जून १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. त्यात सुपरमॅन उडत नाही, लांब उड्या मारतो, यावर तिने मला दोन दिवस प्रश्न विचारले. प्रस्तावना पण वाचायचीच असा आमचा नियम आहे, तर जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १३ पानांच्या त्या गोष्टीसोबत सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले हे तिला कळलं. मग काय, "बाबा, मग नंतर दिले ना त्यांना?" १९७५ साली पेन्शन सुरू झालं आणि निर्माते म्हणून नावं परत लागली, असं सांगितलं. तिने हिशोब केला, सदतीस वर्षं. काही बोलली नाही. नंतर मे १९३९ ची बॅटमॅनची पहिली गोष्ट काढली, तिच्यावर सही एकट्या बॉब केनची. गोष्ट लिहिली बिल फिंगरने, काळपट वेश आणि डोक्यावरचा तो मुखवटा ही त्याचीच कल्पना, आणि तो १९७४ साली गेला तरी अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. आता आमच्या घरी कुठलाही खंड आला की ती आधी श्रेयाचं पान उघडून बोट ठेवून नावं मोठ्याने वाचते. ज्या आवृत्तीत हे पान नीट दिलेलं नाही ती मी घेत नाही.

*

ग्रेडिंग करून, म्हणजे प्रत कितपत चांगली आहे ते तपासून तिला दर्जा देऊन, प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेले दोन अंक आहेत माझ्याकडे, ते उघडत नाही, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. कागद त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे पिवळा पडतो, ठिसूळ होतो, पिना गंजतात, शिवाय दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी अंक लगद्यात गेले, उरलेत ते टिकले पाहिजेत. वाचायला संग्रह आहेच की शेजारी, तो मात्र मनसोक्त हाताळतो.

*

लहानपणी कुणाकडून तरी आलेल्या गठ्ठ्यात स्पायडरमॅनच्या ३२ व्या अंकाचं पुनर्मुद्रण होतं. त्याचा शेवट असा की स्पायडरमॅन एका प्रचंड यंत्राखाली दाबला गेलाय, वरून पाणी गळतंय, आणि मे काकूचा जीव ज्या औषधाने वाचणार त्याचा डबा समोरच पण हाताच्या पलीकडे. पुढचा अंक मला कधी मिळालाच नाही. सुटतो हे माहीत असतंच की, पण कसा सुटतो ते माहीत नाही, आणि हे असं जवळजवळ तीस वर्षं. इंटरनेटवर बघता आलं असतं, पण मुद्दाम बघितलं नाही, कागदावरच बघायचं होतं.

गेल्या वर्षी खंड घेतला. ३३ वा अंक, फेब्रुवारी १९६६. सुरुवातीची पानं फक्त तेवढंच, तो उचलायचा प्रयत्न करतो, कोसळतो, काकू आठवते, काका आठवतो, पुन्हा खांदा लावतो. आणि डिटकोने काय केलंय, जसजसं यंत्र वर जातं तसतशा चौकटी मोठ्या होत जातात. आधी चिंचोळ्या, त्याला अंग हलवायला जागा नाही अशा, मग जरा रुंद, मग अजून, आणि पान उलटलं की एकच चौकट पानभर, यंत्र डोक्यावर आणि तो उभा. माझे हात घट्ट आवळलेले होते हे मला नंतर लक्षात आलं. मग मी मागे जाऊन ३२ व्या अंकाचं शेवटचं पान काढलं आणि तिथून पुन्हा सलग वाचलं.