लेबर कॉन्ट्रॅक्ट: पगार ७ तारखेला, बिल निघतं ६० दिवसांनी. बिल डिस्काउंटिंग घ्यावं का?

वाळूजकर:
वाळूज एमआयडीसीत एका कंपनीला ४० हेल्पर पुरवतो. पगार दरडोई १५,०००, सर्व्हिस चार्ज ८ टक्के. एक फायनान्सवाला बिलाच्या ८० टक्के रक्कम वर्षाला १८ टक्क्यांनी लगेच देतो म्हणतोय. परवडेल का?

हिशेबनीस:
दर महिन्याला नाही परवडणार. पगार ६ लाख, मालकाचा पीएफ १३ आणि ईएसआयसी ३.२५ टक्के मिळून ९७,५००, त्यावर तुमचा चार्ज ५५,८००. जीएसटी धरून बिल ८,८८,८९४. त्याच्या ८० टक्क्यांवर ६० दिवसांचं व्याज २१,०००च्या आसपास, प्रोसेसिंग फी वेगळीच. चार्जमधले पाचातले जवळपास दोन रुपये तिथंच गेले. करार रिकोर्सचा असेल तर कंपनीनं थकवल्यावर वसुलीही तुमच्याकडूनच.

शेंद्रा लेबर:
भाऊ, आधी तारखा लावा. जूनचं बिल ८ जुलैला टाकलं तर पैसे ६ सप्टेंबरला. तोवर दोन महिन्यांचे पगार-पीएफ १३.९५ लाख आणि २० ऑगस्टचा जीएसटी १.३६ लाख खिशातून. ७ सप्टेंबरला पुढचा पगार आलाच, म्हणजे पेमेंट दोन दिवस जरी सरकलं तरी तिसरा महिना अंगावर. बिलावर ३० जून टाकली तर तोच जीएसटी २० जुलैला भरा.
मस्टरवर (हजेरीपटावर) एचआरची सही ३ तारखेच्या आत घ्या आणि मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयसी चलन बिलाला जोडूनच द्या. चलन नसलं की अकाउंट्सवाले बिल बाजूला ठेवतात, आणि त्यांचे ६० दिवस सुरूच होत नाहीत.

जालना सीए:
उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म किंवा लघु असाल तर करारात ६० लिहिलं तरी कायद्यानं कमाल ४५ दिवसच. त्यापुढं थकवलं आणि ३१ मार्चपर्यंतही दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही; फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्सला याची आठवण द्या, थकबाकीच्या सरकारी तक्रार पोर्टलवर जाण्याआधी. तिथं गेलात की कॉन्ट्रॅक्ट राहील याचा भरवसा नाही.
पैशासाठी बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) बघा. वर्षाच्या उलाढालीच्या २० टक्के हिशेबानं तुमच्या ९० लाखांवर १८ लाखांची लिमिट मागता येते. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या हमी ट्रस्टची हमी.

वाळूजकर:
कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे.

जालना सीए:
मग ट्रेड्सवर (छोट्या पुरवठादारांची बिलं वटवणारे ऑनलाइन मंच) नोंदणी तिला बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट, यापैकी कुठं आहेत ते त्यांच्या फायनान्सला विचारा. तिथं बँका बोली लावतात, दर कंपनीची पत पाहून ठरतो आणि रिकोर्स नसतो. फक्त बिल कंपनीनं पोर्टलवर मान्य करायला हवं. अडतं ते तिथंच.