दुसरीचा वर्ग, स्टारचा तक्ता आणि पोरांची हुशारी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात ३८ पोरं. जूनमध्ये भिंतीवर स्टारचा तक्ता लावला, चांगलं वागलं की एक स्टार आणि दहा झाले की पेन्सिल. दिवाळीपर्यंत झकास चाललं, आता सगळं उलटं फिरलंय. फळा पुसायला एकाला बोलवलं तर तो जागेवरनंच विचारतोय, "बाई, स्टार देणार काय?" आणि यावर कडी म्हणजे एक गडी मधल्या सुट्टीत चिक्कीचा कागद मुद्दाम बाकाखाली टाकतो, मी वर्गात आले की माझ्या डोळ्यांदेखत उचलतो, डब्यापर्यंत सावकाश चालत जातो आणि टाकायच्या आधी एकदा वळून बघतो, बाईंचं लक्ष आहे ना म्हणून. हसू दाबताना माझी काय अवस्था होते ते विचारू नका. ज्या पोरी मुळातच शहाण्या, त्यांच्या नावापुढं मात्र चार-पाचच स्टार.

मारण्या-ओरडण्याचा प्रश्नच नाही, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद. एक पालक म्हणाले, "बाई, दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही." अहो, तुमची नाही पण कायद्याची आहे!

१९७३ चा अमेरिकेतला एक प्रयोग वाचला. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या पोरांना आधी सांगून सर्टिफिकेट दिलं तर नंतर मोकळ्या वेळेत ती पोरं चित्रं कमी काढायला लागली, पण ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं तसं झालं नाही. माझ्या वर्गात हेच चाललंय की काय?

दुसरं म्हणजे १९६९ पासूनचा तिकडचाच गटांचा खेळ आहे, वर्गाचे दोन गट करायचे, नियम मोडला की त्या गटाच्या नावावर एक खूण, आणि खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकतात. पण इथं गट पाडले की पोरं लगेच पाटाकडील आणि खंडोबा (आमच्या कोल्हापुरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमी) म्हणणार, आणि वर्गाचं शाहू स्टेडियम व्हायचं. कुणी करून बघितलंय का? आणि तक्ता एकदम काढू का हळूहळू?

प्रतिसाद (गडहिंग्लज, निवृत्त शिक्षक): बाई, एकदम काढू नका, पोरांना वाटेल हक्काचं घेतलं. आहे तो तक्ता भरू दे, नवीन लावायचा नाही. आणि नुसतं शाबास म्हणू नका, काय केलं ते बोला, "सांडलेलं पाणी तू पुसलंस, आता कोण घसरणार नाही." एवढं पुरतं. पोषण आहाराच्या रांगेत ढकलाढकली होत असेल तर रांग कशी लावायची ते परिपाठ झाल्यावर शिकवा, पोट भरलेलं असताना. भुकेल्या पोराला शिस्त शिकवायला जाऊ नये. मी ३१ वर्षं हेच केलं.

प्रतिसाद (राजारामपुरी, पालक): आमच्या घरी पण सेम. दात घासले तर मोबाईल किती मिनिटं, हा रेट सकाळी सकाळी ठरतो. वाचतोय, लिहा कुणीतरी.

प्रतिसाद (इचलकरंजी, शिक्षिका): गटांचा खेळ मी करते, पण दिवसभर नाही, गणिताच्या तासाला वीस मिनिटं फक्त. गटांना नावं द्यायची नाहीत (तालमींची तर मुळीच नाही!), दर आठवड्याला पोरं बदलायची. बक्षीस म्हणजे पाच मिनिटं आधी ग्राउंडवर. एकच पोरगं सारखं नियम मोडत असेल तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा त्याची खूण गटाच्या नावावर लावू नका, त्याच्याशी बाजूला बोला.

धागाकर्ती: धन्यवाद सगळ्यांना! वीस मिनिटांचं पटलं, शनिवारी सकाळच्या शाळेत करून बघते. पण चिक्कीवाल्याचं काय करू?

प्रतिसाद (गडहिंग्लज): त्याला स्वच्छतामंत्री करा.

धागाकर्ती: सर, तो खात्याचं बजेट मागंल.