ह्यांच्या आठवणी : सोलापूरच्या बायकांनो, तुमच्याही लिहा

विजापूरवेसची आज्जी
काल मध्यरात्री नळ आला. मोटार लावली, हौद भरला, बॅरल भरलं, हंडे-कळश्या भरल्या आणि तशीच पायरीवर बसले. हे असताना मी पाण्याला कधी उठलेच नव्हते. ते खातं त्यांचं. उजनी भरली की पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, धरण १०० टक्के! मी म्हणायची, धरणाचं राहू दे, आपला हौद कधी भरतोय तेवढं विचारा की.

लक्ष्मी-विष्णू गिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचे मुकादम होते. गिरणी बंद पडली, मग पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात लागले. चादरीचं जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, अडलं की ह्यांना बोलावणं यायचं. मागाच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झालेला की गुपितसुद्धा गल्लीला कळायचं. नवीन लग्न झालेलं, एकदा माझ्या कानात म्हणाले, "संध्याकाळी सिनेमाला जाऊ." आतून सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते रे."

भांडणं लई. रागावले की जेवायचे नाहीत. मग रात्री मला झोप लागली समजून डबा उघडायचे. कडक भाकरी चोरून खाता येते का, तुम्हीच सांगा! कडाम् कडाम्. मी तोंडात पदर धरून हसायची. सकाळी शेंगाची चटणी निम्मी झालेली, आणि हे अजून रागातच.

तुमच्या ह्यांचं लिहा. चांगलंच लिहायला पाहिजे असं काही नाही.

कडक_भाकर
आज्जी, सासूबाई आल्या का मग सिनेमाला

विजापूरवेसची आज्जी
आल्या की. मधल्या खुर्चीवर बसल्या.

जुळे सोलापूरकर
आमच्याकडे परवा पाणी येणार होतं, अजून पत्ता नाही. विजापूर वेशीत फोर्सनी येतंय का?

विडीवाली अक्का
आमचे तेलुगू घरातले, मी अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी. भांडण मराठीत करायचो, दोघांनाही सारखीच कच्ची. ते माग चालवायचे, मी विड्या वळायची. हजार विड्या पुऱ्या होत नसल्या की हे रात्री दार लावून दोरा बांधायला बसायचे. दार लावून, कारण बायकांचं काम करतोय हे कुणी बघायला नको. तुटलेला धागा जोडायची सवय असलेला हात तो, गाठ बारीक आणि पक्की. कारखान्यात खराब विड्यांची छाट काढायचे तेव्हा माझ्या निघायच्या, ह्यांच्या नाही. हे त्यांना कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसले असते.

शेवटी खोकला लई झाला. आधी घरातल्या तंबाखूच्या धुळीनं झाला म्हणायचे, मग मागाच्या कापसानं. दोन्ही होतं घरात. जाऊ दे.

बाळीवेस_लेक
अक्का, डोळ्यात पाणी आलं आणि हसू पण

बाराबंदीवाल्यांची
आमचे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलायला असायचे. संक्रांतीच्या आधी पांढरी बाराबंदी धुणं, नीळ घालणं, इस्त्री, हे माझं काम. डाग राहिला तर घर डोक्यावर घ्यायचे. एरवी शर्टाची बटणं उलटीसुलटी लावून फिरणारा माणूस.

ते गेले त्या वर्षी अक्षता सोहळ्याला जावं का नको, असं झालं. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, लग्नात विधवेनं अक्षता टाकायची का? जाऊबाई स्पष्ट नको म्हणाल्या. लेकीनं हाताला धरून नेलं. दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम सुरू झालं आणि माझी मूठ आपोआप उघडली. एवढ्या लाखाच्या गर्दीत कुणी बघितलं नाही. देवाला चाललं, जाऊबाईंचं बघू.

विजापूरवेसची आज्जी
जाऊबाईंना पण घेऊन जा गं पुढच्या वेळी.

नाव_नको
सगळ्यांचे नवरे देवमाणूस. माझा नव्हता. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून हुडकून आणावा लागायचा. गेल्यावर मला पहिल्यांदा रात्रभर झोप लागली, खरं सांगते. लोक दिवस-कार्याला आले, म्हणाले लई भला माणूस होता. मी चहा ठेवत होते.
तरी गड्ड्यात, सिद्धेश्वराच्या जत्रेत, गेलं की गरम भजी घेते, त्याला आवडायची म्हणून. का घेते माहीत नाही.

विडीवाली अक्का
घे बाई. तू पण खातीस की.

विजापूरवेसची आज्जी
हेच लिहायला पाहिजे होतं कुणीतरी. बरं केलंस.

कडक_भाकर
विषयांतर करतो माफी. शेंगाची चटणी मिक्सरमधली कोरडी होते, तेल सुटत नाही. उखळच पाहिजे का?

बाळीवेस_लेक
उखळच. नाहीतर खलबत्ता. तिखट आणि लसूण घालून कुटत राहायचं, शेंगदाण्याचं तेल आपोआप सुटतं. मिक्सरमधे नुसता कूट होतो.

बाराबंदीवाल्यांची
गिरणीवाल्यांच्या बायकांना विचारायचं होतं. माझी पण ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाली पेन्शन, महिना १००० ची. तुमचा हयातीचा दाखला झाला का?

विडीवाली अक्का
तेच तर. माझे ठसे उमटत नाहीत. पानं कापून, विड्या वळून बोटं गुळगुळीत झालीत. मशीन म्हणतं तू नाहीसच. सगळी बोटं लावून बघितली.

बाळीवेस_लेक
अक्का, आता चेहऱ्यावर पण होतो दाखला, मोबाईलवर, घरबसल्या. माझ्या आईचा तसाच केला.

विडीवाली अक्का
चष्म्यासकट का काढून?

बाळीवेस_लेक
काढूनच ठेवा. उजेडात बसायचं. मधेच पापण्या मिटायला सांगतं, तेव्हा हसायचं नाही, आई हसली आणि परत करावं लागलं.

विडीवाली अक्का
मग रविवारी नातवाला धरते. आधार कार्ड लागतंय का मोबाईल नंबर पण?

बाळीवेस_लेक
दोन्ही, आणि पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या कागदावरचा नंबर पण. पासबुक जवळ ठेवा.