अनुभव धागा: हात गुंतले की मन सुटतं का?

भुसावळची वहिनी
मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. त्यात यजमान मालगाडीवर लोको पायलट. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणून टीव्ही बंद, मिक्सर बंद, फोनवर बोलायचं तर गच्चीच्या जिन्यात जाऊन. अशा मुक्या दुपारींत मी क्रोशा शिकले. सात साखळ्या, तीन खांब, परत सात साखळ्या. मोजणी चुकली की उसवा. त्या मोजणीच्या नादात सासूबाई सकाळी काय बोलल्या ते चौथ्या ओळीपर्यंत विसरायला होतं.

एकदा मात्र यजमानांचा फोन सहा तास लागला नाही. त्या रात्री एकच ओळ मी चारदा उसवली. शेवटी सुई टाकून देवापुढे बसले. म्हणजे रामबाण वगैरे नाही, पण रोजच्या किरकिरीवर चालतं.

तुमचं काय? सुई, माती, रंग, सुतारकाम, काहीही चालेल. वस्तू कशी झाली ते नका सांगू, करताना कसं वाटलं ते लिहा.

पांझराकाठ, धुळे
स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा दोन मार्कांनी राहिले. आठवडाभर कोणाशी बोलले नाही. मग आईनं चालू घडामोडींच्या जुन्या अंकांचा गठ्ठा दाखवला आणि म्हणाली, "रद्दीत देऊ की टोपल्या करू?" टोपल्या केल्या. कागद फाडून चार दिवस भिजत घातला, रोज पाणी बदललं. मेथ्या रात्रभर भिजवून वाटल्या आणि लगद्यात कालवल्या, मग खलबत्त्यात कुटायला घेतलं. खरं सांगू? सगळी मजा त्या कुटण्यातच होती. कुठल्या समितीचा अध्यक्ष कोण, सगळं एका रंगाचं झालं! उपड्या पातेल्याला प्लास्टिक लावून वर लगदा थापला. धुळ्याच्या उन्हात तीन दिवसांत खडखडीत वाळला. घरभर मेथीचा वास होता, भाऊ नाक मुरडत होता. टोपली एका बाजूला कलते. त्यात आता लसूण असतो. चौथ्यांदा फॉर्म भरलाय.

जळगावकर भाचा
वहिनी, याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर आणि कोलाजचं सामान देऊन बसवलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं उतरलं होतं. आधी कला येत होती की नाही, यानं फारसा फरक पडला नाही.

भुसावळची वहिनी
भाचेबुवा, ३९ माणसं तर आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला येतात. पण कला न येणाऱ्यांचंही उतरलं हे वाचून बरं वाटलं.

नवती, रावेर
मी शेतकरी माणूस, कलाबिला माहीत नाही. जूनच्या तोंडावर वादळ आलं आणि कापणीला पंधरा दिवस राहिलेली केळीची बाग तासाभरात आडवी झाली. पंचनामा होईपर्यंत काही हलवायचं नव्हतं. घरात बसवेना, म्हणून बांधावर जाऊन बसायचो. हाताला चाळा म्हणून पडलेल्या खोडाचं वाळकं सोपट, म्हणजे वरची साल, ओढलं, पाणी मारलं, पिळ देत गेलो. वडील असेच दोर वळायचे. माझा पहिला दोर सुटला. दुसऱ्याला पीळ बसला. चार दिवसांत एक पायपोस, म्हणजे पायपुसणं, झालं, वाकडंतिकडं.

आनंद झाला असं म्हणणार नाही. खांबामागे, म्हणजे केळीच्या एका झाडामागे, किती गेले हा हिशेब डोक्यात रात्रंदिवस चालू होता, तो दोर वळताना तेवढा थांबायचा. पायपोस अजून दारात आहे. बायको म्हणते, एवढं महाग पायपोस साऱ्या तालुक्यात कोणाकडे नसेल.

निवृत्त आजोबा, चाळीसगाव
पोळ्याला नातीबरोबर मातीचे बैल केले. तिचा बैल झाला. माझ्या बैलाला आमच्या सौभाग्यवती डुक्कर म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी घरात तिघं मिळून हसलो.

नाव नको
मी जरा उलटं लिहिते. मोत्यांची तोरणं मीही आवडीनं करायची. रुखवतासाठी एकीनं मागितलं, मग दुसरीनं, मग ऑर्डरी सुरू झाल्या. लग्नसराईत अठरा तोरणं, "ताई, परवापर्यंत द्याच" आणि वर पैशांची घासाघीस. पाचव्या तोरणानंतर मोती नुसते दिसले तरी कपाळ दुखायचं. आता ऑर्डर घेत नाही. मध्ये सहा महिने काहीच केलं नाही. गेल्या गुलाबाईच्या सणाला भाचीसाठी एक छोटा हार ओवला, बिनमागणीचा, तेव्हा कुठे बोटं परत सैल झाली.

पारोळ्याची नात
आमच्या आजीचं लिहिते, तिला टाईप करता येत नाही. दुपारी गल्लीतल्या बायका जुनी लुगडी अंथरून गोधडी शिवतात. चौघी चार बाजूंना बसतात आणि कडेकडेनं टाके घालत आत सरकतात. सुरुवातीला एकमेकींपासून लांब असतात तेव्हा मोठ्यानं बोलतात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. मधोमध येता येता गुडघ्याला गुडघा लागतो आणि आवाज खाली येतो. खऱ्या गोष्टी तिथे निघतात. लेकीचं सासर, सुनेचं माहेर, कोणाच्या पोटात गाठ. मी जवळ गेले की गप्प. आजीला हा धागा वाचून दाखवला, तर म्हणाली, "हात चालनात ना, मंग डोकं गप बसस." म्हणजे हात चालले की डोकं गप्प बसतं.

भुसावळची वहिनी
आजींना माझा नमस्कार सांग. आणि पांझराकाठ, मेथ्या किती घातल्या गं?

पांझराकाठ, धुळे
अंदाजानं घातल्या, वहिनी. परातभर लगद्याला दोन मुठी. आई म्हणते एक पुरली असती.