फॉरेन कीचा एरर आला की चेक्स बंद करायचे?

विदागार: मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फॉरेन की (एका टेबलातला कॉलम दुसऱ्या टेबलातल्या कॉलमाशी बांधणारा नियम) असलेलं टेबल बनवताना 1215 हा एरर आला, म्हणजे ‘कॅनॉट ॲड फॉरेन की कन्स्ट्रेंट’, की बरेच जण ‘फॉरेन_की_चेक्स = 0’ करून, म्हणजे या नियमाची तपासणीच बंद करून, मोकळे होतात. माझा याला ठाम विरोध आहे. परवा ग्राहक टेबलात आयडी होता ‘बिगइंट अनसाइन्ड’ (ऋण नसलेला मोठा पूर्णांक) आणि ऑर्डर टेबलात ग्राहक_आयडी नुसता ‘इंट’ (साधा पूर्णांक). प्रकारच जुळत नाही तर की लागणार कशी? ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ ही कमांड चालवा (इनोडीबी म्हणजे टेबलं साठवणारं इंजिन). ‘लेटेस्ट फॉरेन की एरर’ या भागात घोडं कुठे अडलंय ते लिहिलेलं असतं. 8.0 आवृत्तीत तर 3780 हा एरर थेट दोन्ही कॉलमांची नावं सांगतो.

रात्रपाळी: सरसकट विरोध पटत नाही. विभाग टेबलातला प्रमुख_आयडी कर्मचारी टेबलावर अवलंबून, कर्मचारी टेबलातला विभाग_आयडी विभागावर. आधी कुठलं बनवायचं? मायएसक्यूएलडंप या बॅकअप साधनाची फाइलसुद्धा सुरुवातीलाच चेक्स बंद करते.

विदागार: दोन्ही टेबलं कीशिवाय बनवा, मग ‘ऑल्टर टेबल’ने (बनलेलं टेबल बदलणारी कमांड) की लावा. चेक्सना हात लावावाच लागत नाही. डंपचं म्हणाल तर तो डेटा चालू डेटाबेसमधून आलेला असतो; कुणीतरी पाठवलेल्या साध्या मजकुरातल्या सीएसव्ही फाइलची तशी खात्री कोण देणार? शिवाय चेक्स बंद करूनही न जुळणाऱ्या प्रकारांवर की लागत नाहीच. म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं.

जुना_सर्व्हर: मजकुराच्या कॉलमांवर की असेल तर कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) आणि कोलेशनही (अक्षरांची तुलना करायचे नियम) बघा. 5.7 वरून आणलेलं टेबल लॅटिन1 मध्ये आणि 8.0 वर नव्याने बनवलेलं यूटीएफ8एमबी4 मध्ये, हे सर्रास आढळतं. आणि की ज्यावर लावायची ते टेबल मायआयसॅम (फॉरेन की न पाळणारं जुनं इंजिन) असेल तर एरर येतच नाही, की गुपचूप सोडून दिली जाते. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

रात्रपाळी: टेबल बनवण्यापुरतं तुमचं मान्य. पण लाखो ओळी हलवायच्या असतील तर मी चेक्स बंद करणारच. प्रत्येक ओळ तपासत बसलं तर रात्र पुरत नाही.

विदागार: करा, पण परत 1 केल्यावर आधी घुसलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत, हे टीमला माहीत असतं का? ऑर्डर आहे आणि ग्राहकच नाही, अशा ओळी महिनोन्‌महिने पडून राहतात, मग हिशोबाचा रिपोर्ट जुळत नाही.

रात्रपाळी: म्हणूनच मी डेटा भरायच्या आधी की काढतो आणि चेक्स चालू करून पुन्हा लावतो. एकही अनाथ ओळ असली तर 1452 हा एरर येतो आणि रिलीज तिथेच थांबतं.