मदत हवी आहे: वाचनालयाचं काम आकड्यांपलीकडे कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं सरकारी अनुदान वाचनालयाच्या वर्गावर (अ, ब, क, ड) मिळतं, म्हणून वार्षिक अहवालात ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं असे आकडेच भरतो. पण स्पर्धा परीक्षेची मुलं घरी जागा नाही म्हणून दिवसभर इथे बसतात, पुस्तकं स्वतःचीच आणतात. देवघेव रजिस्टरात त्यांची नोंदच होत नाही. खरं तर वाचनालयाचा सर्वांत मोठा उपयोग त्यांनाच होतो असं मला वाटतं. बालविभागाचंही तसंच. कार्यकारिणीला आणि देणगीदारांना हे पटवायचं आहे, पण नुसतं भावनिक बोलून नाही. वाचकांच्या मुलाखती किंवा दरवर्षी तेच प्रश्न विचारून नोंदी, असं कुणी नेमाने करतं का? प्रश्न नेमके कोणते विचारता? नमुना असल्यास कृपया द्या.