शकुंतला रेल्वेच्या रुळाकडेनं मूर्तिजापूर ते यवतमाळ सायकल, एका दिवसात होईल का?

सायकलवाला_अकोला
नमस्कार मंडळी. बाहेरच्या रेल ट्रेलचे, म्हणजे बंद रेल्वेमार्गावर केलेल्या सायकलरस्त्यांचे व्हिडिओ पाहून डोकं फिरलंय. अमेरिकेत मिसुरीतला केटी ट्रेल म्हणे साधारण ३८५ किमीचा आहे, जुन्या रेल्वेचे रूळ काढून चुनखडीची बारीक खडी दाबून टाकलीय. मग वाटलं आपल्याकडे शकुंतला, ती जुनी नॅरोगेज लाइन, आहेच की, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, ११३ किमी. गाडी तर बंदच आहे. डिसेंबरात एकटाच जातोय, हायब्रिड सायकल, ३२ मिमी रुंदीचे टायर, मागं दोन पिशव्या. एका दिवसात निघेल का? रेल्वेचा रस्ता म्हणजे चढ नसणारच ना?

पांदणप्रेमी
भौ, थांब जरा. तिकडचे रूळ काढलेले असतात, आपले अजून तिथंच आहेत. गिट्टी मोठी, वर बाभळी उगवल्या, सायकल चालतच नाही, आणि रुळावर शिरणं कायद्यानं गुन्हाच आहे. तू चालवणार बाजूच्या पांदणीवर. आता चढाचं सांगतो. सपाटी ही रेल्वेच्या भरावाची असते, तुझ्या पांदणीची नाही!! रूळ नाल्यावरून पुलानं सरळ जातो अन तू प्रत्येक नाल्यात खाली उतरून परत वर चढतो. असे किती नाले येतील ते मोजू नको, रडशील.

अन पुलावरून शॉर्टकट मारायचा विचारही करू नको, स्लीपरच्या मधून खाली सरळ नाला दिसते.

डबलपंक्चर
मी गेल्या जानेवारीत गेलतो. सकाळी सहाला मूर्तिजापुरातून निघालो, थंडी एवढी की ब्रेक दाबायला बोटं वळत नव्हती. पहिले दोन तास मजा, मुरमाची पांदण, दोन्ही बाजूला कापूस अन तूर, माणूस दिसला तर एखादा बैलबंडीवाला. मग एका शेतात ओलिताचा पाइप फुटलेला, काळी माती चिंब, मी म्हटलं दहा पावलंच तर आहेत. दहाव्या पावलाला चाक फिरणंच बंद, माती मडगार्डात गच्च. पऱ्हाटीची काडी घेऊन अर्धा तास उकरत बसलो, शेतवाले काका पाहून राह्यले अन शेवटी म्हणाले, "बाप्पा, सायकल खांद्यावर घेऊन काहून नाही गेला?" बरोबरच होतं त्यांचं. वर सराटे अन बाभळीचे काटे, तीन पंक्चर. सहा तासांत ५२ किमी. दारव्ह्यात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यानं यवतमाळ.

३२ चे टायर बदल, ४० च्या वरचे टाक अन हवा थोडी कमी ठेव. मडगार्ड काढूनच जा. सोल्युशन, पॅच, दोन ट्यूब.

कारंजेकर
मी सायकलवाला नाही, पण लहानपणी त्या गाडीत लय बसलो. गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा. वाफेचं इंजिन होतं १९९४ पर्यंत, मँचेस्टरचं, अन ही लाइन टाकली होती मुळात आपला कापूस मुंबईला न्यायला. धावत्या गाडीतून पोट्टे उतरून बोरं वेचून परत चढायचे, एवढा स्पीड. सायकलनं तिला हरवलं असतं, आता सायकलच अडकून राह्यली म्हणता, हाहा.

पाण्याचं म्हणाल तर कुठल्याही गावात हापशी असते, फक्त दुपारी बारा ते तीन बाहेर कुणी दिसत नाही.

सायकलवाला_अकोला
बाप रे, बरं झालं विचारलं. दोन दिवसच करतो मग, दारव्ह्यात मुक्काम. मडगार्ड आजच काढतो. @डबलपंक्चर दारव्ह्यात कुठं थांबलात, अन सायकल खोलीत घेऊ देतात का?

डबलपंक्चर
बसस्टँडजवळचा लॉज. घेऊ देतात, पण आधी चाकं धुऊन आणा म्हणाले.